वादळवीराची नवी धून

रोझलिनने व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, पेटीतून काढला, तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या पोरीने हळूच विचारलं, जुन्या 'वादळवीर' चित्रपटालाही वाजवायला तुम्हीच होतात ना? होते तर, रोझलिन म्हणाली. बरबँकमधला हाच स्टुडिओ, हीच लाकडी जमीन. तेव्हा तिचे केस काळे होते आणि संगीतकार अब्नर क्लाईन समोर उभा राहून हात हलवायचा. त्याची धून सुरूच व्हायची तुताऱ्यांनी. त्या वर्षी अख्ख्या गल्लीतली पोरं गळ्यात टॉवेल बांधून ती गुणगुणत पळत होती. अब्नरला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

नव्या 'वादळवीर'चं संगीत इलेना वॉर्डचं होतं आणि तिची अडचण वाद्यवृंदात सगळ्यांना ठाऊक होती. चित्रपटाचे तुकडे जोडताना रिकाम्या जागी कुठलं तरी तयार संगीत तात्पुरतं लावून ठेवतात. दिग्दर्शक डॅरिलने अब्नरचंच लावलं होतं. महिनोन्महिने तेच ऐकल्यावर काय व्हायचं? पाहुणा म्हणून आलेलं संगीत घरजावई होऊन बसलं. इलेना काहीही घेऊन गेली की तो म्हणायचा, छान आहे, पण ते तसं वाटत नाही. आज उड्डाणाचा प्रसंग पटला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

तालीम झाली. इलेनाची धून व्हायोलांपासून सुरू होत होती. खालचे सूर जरा चढायचे, घसरायचे, पुन्हा चढायचे. तुताऱ्या शेवटपर्यंत गप्प. पहिल्यांदा वाजवताना रोझलिनला अब्नरची फार आठवण आली. मग तालमीचं ध्वनिमुद्रण चित्रासोबत लावलं. वाजवणारे एरवी पडद्याकडे पाठ करून बसतात. आज तिने मान वळवून पाहिलं.

मधल्या सुट्टीत सगळे डोनटच्या खोक्याभोवती जमले. डॅरिल काचेमागच्या खोलीतून थेट रोझलिनकडे आला.

"तुम्ही दोन्ही धुना वाजवल्यात. खरं सांगा, चांगली कुठली?"

इलेना तिथेच कॉफी ओतत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण ओतायची थांबली.

"अब्नरची," रोझलिन म्हणाली. "मी मेल्यावर तीच वाजवा."

"तेव्हा तरी तुम्ही आमच्या सुरांना नावं ठेवणार नाही," मागून ट्रॉम्बोनवाला म्हणाला. लोक हसले. इलेना हसली नाही.

"पण बाळा, त्याचा वादळवीर आईच्या पोटातूनच उडत आला होता," रोझलिन पुढे म्हणाली. "त्याला भीती माहीत नव्हती, म्हणून तुताऱ्या आधी. तुझ्या चित्रपटातला पोरगा छपराच्या कडेला उभा राहून थरथरतोय. त्याच्या डोक्यावर तुताऱ्या वाजवल्यास, तर लोक म्हणतील, हा जिंकलाच आहे, मग कापतोय कशाला?"

डॅरिल हातातल्या डोनटकडे पाहत राहिला.

अब्नरच्या वेळीही हेच झालं होतं, तिने सांगितलं. निर्मात्याला एका जुन्या लष्करी कूचगीताचं वेड लागलं होतं. अब्नर त्याला म्हणाला होता, दुसऱ्याच्या मुलाचं बारसं मला करायला लावू नका.

डॅरिलने डोनट खाली ठेवला. मग म्हणाला, त्या काचेमागे बसलं की मला जुनंच ऐकू येत राहतं. या खेपेला मी इथे बसतो.

व्हायोलांच्या मागे त्याला खुर्ची दिली. हलू नका, पोरीने त्याला बजावलं. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. इलेनाने हात उचलला. रोझलिनने गज तारेवर टेकवला आणि मनातल्या मनात अब्नरला सांगितलं, तू जरा थांब.

सूर चढले, घसरले, पुन्हा चढले. पोरगा छपरावरून निघाला आणि सगळ्यात शेवटी तुताऱ्या उठल्या. शेवटचा सूर खोलीत विरत होता. तो पुरता विरेपर्यंत, दिवा विझेपर्यंत कुणी श्वासही मोठ्याने घेत नाही. तिथला रिवाजच आहे.

आणि नेमका तेव्हाच डॅरिल खुर्ची मागे सारून उठला आणि टाळ्या वाजवू लागला.

खुर्ची करकरली, टाळ्या घुमल्या. ते सगळं ध्वनिमुद्रणात शिरलं आणि एवढं सुंदर वाजवलेलं वाया गेलं. सगळे त्याच्याकडे वळले. तो कानांपर्यंत लाल झाला. "माफ करा," तो पुटपुटला, "मला राहवलं नाही."

इलेनाने तोंडावर हात धरला. ती हसत होती की रडत, हे रोझलिनला नीट दिसलं नाही. रोझलिनने गजाचं टोक स्वरलिपीच्या स्टँडवर दोनदा हलकेच आपटलं. मग पोरीने, मग सगळ्या तंतुवाद्यवाल्यांनी; गजवाल्यांची टाळी हीच.

"पुन्हा घेऊ," इलेना म्हणाली. "आणि डॅरिल, तुम्ही आता काचेमागे बसा."