अखंड खुरांची कालवड

निघोज्याच्या अंबुबाईंची कपिला व्याली आणि कालवड झाली, पण तिचे पुढचे दोन्ही खूर घोड्यासारखे अखंड! गाईच्या खुराला मधे फट असते, ती नाहीच. अंबुबाईंनी गोठ्यातच निकाल दिला, "वळू कुणाचा? ह्यांच्या चुलत्याचा. खोड तिकडचीच."

दौलतराव वैरण टाकत नवऱ्याच्या तोऱ्यात म्हणाले, "आन् गाय? तुझ्या म्हायेरनं आलेली."

"माझ्या म्हायेरच्या गाईला नावं ठिवू नका!"

वीस वर्षांच्या संसारात वाटणी हीच होती. थोरल्याचा तापटपणा सासरचा, धाकटीचं गोड हसू माहेरचं.

शेवटी चाकणहून गुरांचे डॉक्टर आले. अंबुबाई पदर खोचून पुढेच उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी खूर चाचपले. कालवड टकटक करत आईला लुचायला गेली, तसे ते हसले.

"ही जगेल, काळजी नको. पण खोड दोन्हीकडची आहे. गाय धड, वळूही धड, पण दोघांच्या रक्तात दोष लपलेला. दोन्हीकडून आला की असा बाहेर पडतो. ही जोडी पुन्हा लावू नका."

अंबुबाईंनी खोचलेला पदर हळूच सोडला.

दौलतरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दारात दंगा घालणाऱ्या पोरांकडे.

"उशीर झाला, डाक्तर," ते म्हणाले. "चार झाली की."

अंबुबाईंनी चिडायचं ठरवलं होतं, पण त्याआधीच हसू फुटलं.