सूनबाईची चौकशी

विद्यापीठाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, परदेशी विद्यार्थ्यांचं मदत कार्यालय होतं. व्हिसाची मुदत, राहायची खोली, दुखणंखुपणं, घरची आठवण, सगळी गाऱ्हाणी तिथेच येत. तिथल्या सल्लागार बाईंना आपली भाषा बोलणारी मुलं ताई म्हणत. त्यांचं ऐकून बाकीचीही तसंच म्हणू लागली होती. काहींना तर ते त्यांचं खरं नावच वाटे.

त्या दिवशी ताईंनी दार उघडलं, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि खुर्चीत टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ होते. आवाज मऊ, पण बोलणं ठासून. त्यांनी सुनेचं नाव दिलं. ती तुमच्याकडे शिकते, मुलगा बोटीवर असतो, त्यामुळे काळजी करायचं काम माझ्याकडे आलंय, असं त्यांनी सांगितलं. हल्ली सूनबाईचं बोलणं त्यांना कोरडं वाटत होतं. ती वर्गात जाते ना, एवढंच त्यांना हवं होतं.

ताईंनी नेहमीचं उत्तर दिलं. कुठल्याही विद्यार्थ्याबद्दल, त्याने लिहून परवानगी दिल्याशिवाय, आम्ही कुणाशीच बोलत नाही.

"बरं, मग ती तिथे शिकते की नाही, एवढं तरी?"

"तेही सांगता येत नाही, काका."

"म्हणजे मला माझीच सून आहे की नाही, हेसुद्धा तुम्ही कळू देणार नाही," ते म्हणाले. "मूग गिळायचाही पगार मिळतो वाटतं तिकडे."

ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवाजात येऊ दिलं नाही. हा नियम त्या व्रतासारखा पाळत. एकदा एका नवऱ्याने असाच गोड आवाजात फोन केला होता आणि बोलता बोलता बायको कुणाबरोबर चहाला जाते ते विचारलं होतं. काळजी कुठली आणि पाळत कुठली, हे फोनवरून ओळखणं कठीण. शिवाय हे तर सासरे. सासऱ्याने सुनेची हजेरी विचारली की कुठल्याही बाईचे कान टवकारणारच.

फोन ठेवून त्यांनी हजेरीच्या यादीत ते नाव शोधलं. ती मुलगी बरेच दिवस एकाही वर्गात दिसली नव्हती. कार्यालयाच्या एकाही ईमेलला उत्तर नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिने समोर येऊन तोंड दाखवलं नाही, तर विद्यापीठाला ते व्हिसा खात्याला कळवणं भाग होतं. एकदा कळवलं की व्हिसा रद्द, आणि मग ताईच काय, कुलगुरूही काही करू शकत नव्हते. त्या दुपारी ताई तिच्या खोलीपर्यंत जाऊन आल्या. दार वाजवलं, चिठ्ठी सरकवली. आत शुकशुकाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा पुन्हा फोन. ताईंनी क्षणभर विचार केला. सांगायला बंदी होती, ऐकायला नव्हती.

"काका, माझ्याकडून तुम्हाला काही मिळणार नाही. पण तुम्हाला बोलायचं असेल तर मी ऐकते."

मग काय, सासऱ्यांचा बांध फुटला. लग्नानंतर कसलं आलंय शिक्षण, म्हणून सगळं घर विरोधात गेलं होतं. बायको, बहीण, मोठे भाऊ, सगळ्यांशी त्यांनी एकट्याने वाद घातला होता. घरात तिला कपड्यांच्या बादलीला हात लावू दिला नव्हता, अभ्यास कर म्हणून. आणि आता व्हिडिओ कॉलवर बघावं तेव्हा तिच्या मागे ती गोल काचेची कपड्यांची यंत्रं घरघरताना दिसतात. विचारलं तर म्हणते, खोलीत नेट चालत नाही.

"तिथे जाऊन परटीण झाली की काय, मला कळेना," ते म्हणाले. "रागावलीय का हो माझ्यावर? मीच तिला ढकललं असं वाटतंय का तिला?"

ही पाळत नव्हती, हे ताईंना तेव्हा कळलं. त्यांनी काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "काका, जेवून घ्या. उद्या करा फोन." आणि पायात बूट चढवले.

वसतिगृहाच्या तळघरात कपडे धुवायची खोली होती. ऊबदार, साबणाच्या वासाची. ओळीने यंत्रं फिरत होती, आणि कोपऱ्यात, उपड्या टोपलीवर, एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. यंत्रांतले कपडे दुसऱ्यांचेच होते. ताई शेजारच्या बाकावर टेकल्या आणि आपल्या भाषेत म्हणाल्या, "ऊब बरी आहे गं इथे."

मुलगी दचकून उठली. ताईंच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसताच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"मला न्यायला आलात?"

"कुठे न्यायला?"

"परत पाठवायला."

थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. पहिल्याच परीक्षेत तिचे दोन विषय गेले होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कुणीतरी अनुभवाचे बोल ऐकवले होते, की दोन विषय गेले म्हणजे व्हिसा गेलाच समज, फक्त पत्र यायचं बाकी. त्यानंतर कार्यालयाचा ईमेल आला की तिला वाटे, हाच तो निरोप. तिने एकही उघडला नाही. खोलीत बसलं तर कुणी दार वाजवेल, म्हणून खोलीतही थांबेना. आणि घरी काय सांगायचं? ज्या माणसाने सगळ्या घरादाराची बोलणी खाऊन तिला पाठवलं, त्याला?

ताईंनी तिचं बोलणं संपू दिलं.

"नापास झालेल्याचा व्हिसा जात नाही गं बाई. नाहीशा झालेल्याचा जातो. तू नापास होतीस तोवर काहीच बिघडलं नव्हतं. फेरपरीक्षा असते, सरांना भेटायची वेळ असते. बिघडलं ते इथे येऊन बसलीस तेव्हापासून. पण शुक्रवार अजून उजाडला नाही."

बारीक आवाजात मुलीने विचारलं, "मी इथे आहे हे कुणी सांगितलं? मामंजींनी? त्यांना तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काहीच नाही. तू इथे शिकतेस हेसुद्धा नाही. फार रागावलेत माझ्यावर."

मुलीला रडता रडता हसू फुटलं. दोघी जिने चढून वर आल्या. कार्यालयात तिने पासपोर्ट दाखवला, सही केली. ताईंनी तिच्यादेखत नोंद केली: विद्यार्थिनी समक्ष भेटली. दुपारी सरांची भेटही ठरवून दिली. मग फोन तिच्याकडे सरकवला आणि खिडकी पुसायची असल्यासारख्या उठून दूर गेल्या. खिडकी स्वच्छच होती.

"मामंजी, मी नापास झाले," मुलगी म्हणाली. "दोन विषयांत."

पलीकडून आवाज आला, इतका मोठा की ताईंनाही ऐकू गेला.

"विषय किती होते?"

"पाच."

"मग तीन झाले ते आधी सांगावं, सूनबाई. बातमी सांगायचीही एक रीत असते." ते खाकरले. "आता माझं ऐक. मी इथे सगळ्यांना सांगून बसलोय की तू पहिली आलीस. तुझ्या आत्येसासूने खोचून विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं."

"मामंजी, काय हे."

"ते माझं मी निस्तरतो. आज संध्याकाळीच जातो तिच्याकडे. तू तुझं बघ. यायचं असेल तर ये, दार उघडं आहे. राहायचं असेल तर नीट राहा, लपून नको."

मुलीने ओढणीने डोळे पुसले.

"राहते," ती म्हणाली.

दुपारी सरांच्या खोलीकडे जाताना ती जिन्यापाशी थबकली. तुम्हीही चला ना, म्हणाली. ताई वरच्या पायरीपर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. मुलगी एकटीच पुढे गेली. दारावर तिने आधी इतकं हळू वाजवलं की तिचं तिलाच ऐकू आलं नसेल. मग तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि पुन्हा वाजवलं, या खेपेला चांगलं खणखणीत.