गॅलरीतली बोंबलांची माळ

साहेब जेवायला येणार म्हणून पोटच्या पोरानं आईचे बोंबील उतरवावेत, हे चांगुणाबाईला सरणावर ठेवली तरी पटलं नसतं. तेही विचारून-सवरून नाही. ती मोरीत असताना धर्मराजानं गॅलरीतली माळ सोडली, डब्यात कोंबली, डब्याला फडकं गुंडाळलं आणि चोरीचा ऐवज लपवावा तसा डबा पलंगाखाली सारला.

"आये, आजच्या दिवस," तो म्हणाला. "साहेब शाकाहारी आहेत. त्यांना वास सोसायचा नाय."

"साहेबाला नाक हाय, कलला. तुजं कुटं गेलं? याच वासावर वाढलास ना?"

"मला चारचौघांत लाज नको, आये."

चारचौघं म्हणजे महाप्याच्या कंपनीतला त्याचा साहेब आणि साहेबाची बायको. दोघंच होती, पण धर्मराजाला लाज चौघांची वाटत होती.

एवढ्यावर थांबता तर ती गिळूनही टाकती. त्यानं खालच्या पायरीपासून दारापर्यंत जिना फिनेलनं धुऊन काढला. उंबऱ्याशी उदबत्त्या लावल्या. मग शेठची पाळी आली. शेठ म्हणजे घरचा कुत्रा. काम कवडीचं नाही नि जेवायला पहिला, म्हणून चांगुणाबाईच्या नवऱ्यानंच त्याला ते नाव ठेवलं होतं. म्हातारा गेला, करावे गावातलं घर सुटलं, आणि वाशीच्या नव्या वसाहतीतल्या ब्लॉकात येताना तिनं भांडून आणलं ते इतकंच: पाटा, वरवंटा आणि शेठ. त्या शेठला धर्मराजानं लाल साबणानं खसाखसा घासलं, गळ्यातला पट्टा उन्हात वाळत टाकला आणि त्याला नेहमीसारखा खाली सोडला. पट्ट्याला पितळेची चकती होती, चकतीवर बिल्डिंगचा नंबर. ती चकती गॅलरीत वाळत राहिली आणि कुत्रा गेला फिरायला.

शेठ रोज खाडीच्या बांधावर चक्कर मारून आपल्या पायानं वर यायचा. त्या दिवशी साहेब आले, श्रीखंड खाल्लं, "घर कसं प्रसन्न ठेवलंय" म्हणाले आणि गेले. शेठ आला नाही.

उन्हं कलायला लागली तसा धर्मराज सायकल काढून करावेला गेला. म्हणाला, जुन्या घराकडे गेला असेल. सून वैशाली बाजाराकडे गेली. तिनं "शेठ! अहो शेठ!" अशा हाका मारल्या तर दोन दुकानदार बाहेर आले, कुत्रा काही आला नाही.

चांगुणाबाई जिन्यात बसून राहिली. फिनेलचा भपकारा नाकात जात होता. म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत हाच शेठ त्याच्या खाटेखालून हलला नव्हता. त्याला हरवून बसली तर उद्या वर गेल्यावर म्हाताऱ्याला काय तोंड दाखवायचं? ती विचार करत राहिली आणि करता करता एका जागी अडली. शेठ या घरात शिरायचा तो कशाच्या जोरावर?

त्या वसाहतीतल्या बिल्डिंगा म्हणजे एका साच्यातले मोदक. तोच पिवळा रंग, तोच जिना, त्याच हिरव्या खिडक्या. भिंतीवर आकडे होते, पण ते इंग्रजी, आणि चांगुणाबाईची शाळा तर 'ग म भ न'वरून जी उठली ती थेट मिठागरात गेली. नवीन राहायला आल्यावर एकदा ती बाजारातून आली, दोन जिने चढली, डाव्या हाताचं दार उघडं दिसलं, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आमटीवरचं झाकण उचलून म्हणाली, "मीठ कोन घालनार, तुजा बाप?" चुलीपाशी कोणी परकीच बाई! ती किंचाळली. चांगुणाबाई पिशवी तिथेच टाकून पळाली.

हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी भावजयीकडून बोंबील मागवले आणि गॅलरीत माळ बांधली. लोक म्हणाले, म्हातारी गाव सोडत नाही. म्हणेनात का! लांबून माळ दिसायची, जवळ आलं की वास यायचा, आणि पाय आपोआप आपल्या जिन्याकडे वळायचे. तिचेही आणि शेठचेही.

आज माळ नाही, जिन्यात फिनेल, आणि शेठच्या स्वतःच्या अंगाला साबणाचा वास. मग शेठ कुठे जाईल? दोन जिने चढेल आणि डाव्या दाराशी बसेल. कुठल्या तरी बिल्डिंगीत तो आपल्या मते घरीच आहे!

ती पदर खोचून उठली.

पहिल्या बिल्डिंगीत डाव्या दाराला कुलूप. दुसरीत एका बनियनवाल्या गृहस्थानं, "भांडीवाली नको," म्हणून दार लावलं. "तुज्या बायकोला इचार, नको का ते," असं ती बंद दाराला ऐकवून खाली आली. तिसरीत दोन जिने चढून वर पाहिलं, तर पायपुसण्यावर शेठ! समोर दूधपोळी तशीच, माशा बसलेली. तिला पाहून त्यानं शेपूट हलवली नाही, नुसतं पाहिलं. एवढा वेळ कुठं होतीस, असं.

दार उघडलं आणि चांगुणाबाई एक पायरी खाली सरकली. तीच आमटीवाली बाई.

"अगंबाई, आजी, तुम्ही!" ती हसली. "दुपारपासून बसलाय हक्कानं. हाकललं तरी जाईना. मी म्हटलं, याचंही घर चुकलं वाटतं." मग हळूच म्हणाली, "मी सुमेधा. आज मीठ बरोबर आहे हं. बघता?"

दुसरं कुणी असतं तर चांगुणाबाईनं त्याची साल काढली असती. पण कुत्रा सांभाळला होता बाईनं. "बरोबर असंल," ती म्हणाली. "बरी दिसतेस." तिच्या तोंडून एवढं म्हणजे साडीचोळी दिल्यासारखंच.

पदराचं टोक शेठच्या गळ्याभोवती घेऊन ती खाली आली आणि मधल्या मैदानात उभी राहिली. चहूकडे पिवळ्या भिंती, हिरव्या खिडक्या. वर पाहून पाहून मान अवघडली. तिनं शेठकडे पाहिलं, शेठनं तिच्याकडे.

"आजी, कुठं जायचंय?" जाता जाता एकानं विचारलं.

"कुटं नाय. हवा खातेय."

उजेड उतरला. गॅलऱ्यांतले कपडे आत गेले. ती तिथेच उभी. विचारायचं तर नंबर सांगायला हवा, आणि नंबर कुणाला येत होता? धर्मराज म्हात्र्याचं घर कुठलं, असंही विचारता आलं असतं. पण स्वतःच्याच घराचा रस्ता विचारण्यापेक्षा तिनं रात्र मैदानात काढली असती.

धर्मराज सायकल ढकलत आला. शेठला पाहून त्यानं सायकल तशीच सोडली, ती आडवी झाली. "सापडला! आये, कुटं होता? आनि तू इथं काय करतेस? वर का नाय गेलीस?"

तिनं शेठच्या गळ्यातला पदर घट्ट धरला.

"आये, समोर आपलीच तर बिल्डिंग!" त्यानं बोट दाखवलं. वर गॅलरीत, जिथे माळ असायची तिथे, खिळ्याला नुसता पट्टा लोंबत होता. त्यानं गॅलरीकडे पाहिलं, मग आईच्या गुंडाळलेल्या पदराकडे, मग पुन्हा गॅलरीकडे. त्याचं बोट हळूहळू खाली आलं.

"तुला... आये, तू कदी बोलली नाहीस."

"बोलली असती तर तुज्या साहेबाला सांगून माळ ठेवली असतीस? आता ऐक," चांगुणाबाई म्हणाली, आणि आजूबाजूच्या खिडक्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "लाज तुला बोंबलाची वाटली, धर्मा. पन घरातल्या जिवांना घर सापडू नये, याच्याइतकी लाजेची गोष्ट दुसरी नाय. चकती बांधलीस ती वाचनाऱ्यांसाठी. हा नि मी, आमी नाकानं वाचतो. साहेब एक दिस आला, जेवला, गेला. आमाला रोज परत यायचंय. जा म्होरं, तुज्या हातानं माळ बांध. तवर आमी दोघं इथंच उभी हाव."