वळणावरच्या काचा

आमच्या ह्यांना गाड्यांबद्दल मतं फार. पौडात आमचं बांगड्यांचं दुकान, पण ह्यांना, पीरमहंमद मणेरांना, लोक ओळखायचे ते त्यांच्या फटफटीवरून. लष्कराच्या लिलावातून आलेलं ते धूड. त्याच्या मागे बांगड्यांची पेटी बांधून हे खेडोपाडी जात आणि एकही बांगडी न पिचता परत येत. वर मलाच ऐकवत, "मोटार म्हंजी डबा. आत बसूनच जग बघायचं तर घरात काय वाईट हाय?" त्यांची दोन मतं तर मला पाठ झाली होती. एक, नजर जाईल तिकडं गाडी जाते. दुसरं, वळणावर मागं बसणाऱ्यानं अंग ताठ धरायचं नाही, गाडीबरोबर कलायचं.

मी रोज संध्याकाळी दारात उभी राहून आवाजाची वाट बघायची. पोटात गोळा आलेला असायचा. त्या फटफटीला मी सवत म्हणायची.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी माझी भीती खरी झाली. रिहे गावाच्या वाटेवर ओढ्याच्या वर एक डावं वळण आहे. तिथं खडीवर चाक घसरलं आणि हे पडले. हात मोडला. शेजारच्या कुशाबानं बैलगाडीत घालून घरी आणलं. पेटीतल्या बांगड्या फुटल्या म्हणू नये, सगळ्या वाढल्या.

हाड जुळलं, पण ह्यांची मतं बदलली. तिथं मी हादरले. "चार चाकं ती चारच," हे गिऱ्हाइकांना सांगू लागले. "संसारी माणसानं फटफटीच्या नादी लागू न्हाई." एक दिवस टायर नरम असायचा, एक दिवस रस्त्याला धूळ लई. खेड्यांवरच्या फेऱ्या बंद झाल्या. दुकानात बसून त्याच त्या बांगड्या पुसत राहायचे. माझ्यावर ओरडायचेसुद्धा नाहीत. मग एक दिवस म्हणाले, नांद्याचा जयसिंग शुक्रवारी फटफटी बघायला येतोय, पसंत पडली की घेऊन जाईल.

खरं तर मी पीराला मलिदा वाहायला हवा होता. सवत घरातून निघाली होती. पण मला धडकीच भरली. फटफटी जाईल आणि भीती घरात राहील, आणि हा माणूस तिच्याशेजारी दुकानाच्या कोपऱ्यात म्हातारा होईल, असं मला दिसायला लागलं.

"इकायची तर इका," मी म्हणाले. "पर त्याआधी एकदा मला रिह्याला परवीनकडं न्या." परवीन माझी धाकटी बहीण.

"कुशाबाच्या गाडीतनं जा."

"जाईन की. पर समदे इचारतील, पीरमहंमद कुटं हाय म्हून."

ह्यांना राग आला. किती दिवसांनी आला. फटफटी बाहेर काढली.

मी एका अंगानं बसले, पाय डावीकडं सोडून, उजवा हात ह्यांच्या खांद्यावर. खांदा लाकडासारखा घट्ट झाला होता. वाटेत एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागं टाकून गेला आणि हे त्याच्यावर एक शब्द बोलले नाहीत. मला रडू फुटायचं बाकी होतं. कशाला हट्ट केला, असं झालं.

वळण आलं. ओढ्याच्या कडेला अजून काचा पडल्या होत्या, हिरव्या, लाल, उन्हात चमकत. ह्यांची मान तिकडं वळली आणि तिथंच राहिली. फटफटी वळेना. सरळ त्या काचांकडे, कडेकडे निघाली.

"तिकडं बघू नका," मी म्हणाले. "डावीकडं बघा. डावीकडं." आणि त्यांचा खांदा धरून मी सगळं अंग डावीकडं टाकलं. पडले असते तर पडले असते. चाकाखाली खडी करकरली, फटफटी कलली, आणि वळण मागं पडलं.

रिह्याला पोचलो. परवीननं चहा दिला, तो पिऊन लगेच निघालो.

परतताना हे त्या वळणावर आपणहून थांबले. पायानं सगळ्या काचा ओढ्यात लोटल्या. "बैलाच्या खुरात जात्यात," म्हणाले. फटफटीवर बसल्यावर मागं न बघता पुढं बोलले, "आन् मागं बसणाऱ्यानं चालवणाऱ्याला शिकवायचं नस्तं." नवीन मत होतं. मी तोंडात पदर धरून हमसून रडले.

शुक्रवारी जयसिंग आला. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "तू मोटारच घे. डब्यात सुखी ऱ्हाशील."

शनिवारी हे पेटी बांधून गेले. संध्याकाळी मी दारात जाऊन उभी राहिले. दिवेलागण झाली तरी आवाज नाही. पोटात तोच जुना गोळा आला. पण आता तो एकट्या माझ्याच पोटात होता, ह्यांच्या नव्हे.