बेटावरच्या तिपाईची कैफियत

मी एक जुनी लाकडी तिपाई आहे. मित्रांनो, फुलदाणी ठेवायची नव्हे! जमीन मोजणाऱ्यांची दुर्बीण डोक्यावर घेऊन भर उन्हात जराही न हलता उभे राहणे हा माझा धंदा. पण आमच्या ब्राच बेटावर हे सांगून कोणाला कळेल तर शपथ!

माझा जन्म समोरच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरात एका सुताराकडे झाला. एका म्हाताऱ्या मोजणीदाराची सेवा करून मी विंकाकडे आले. विंका याच बेटावरची. शहरात पाच वर्षे मोजणी शिकली, दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, सरकारी परीक्षा दिली, तेव्हा कुठे तिला स्वतःचा शिक्का मिळाला. बेटावर जितके बांध तितकी भांडणे, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पैशाचे मात्र नाव नको. कोणी ऑलिव्ह तेलाचा डबा देई, कोणी सुके अंजीर, तर कोणी नुसताच आशीर्वाद! तिच्या वर्गातली मैत्रीण समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर लागली आणि घर बांधून मोकळीही झाली. विंकालाही ऑस्ट्रियातल्या एका बोगद्याच्या कामावर बोलावणे आले होते. पगार इथल्या तिप्पट. पण बेट सोडवेना.

अशात जेर्को आणि स्तिपान या भावांनी तिला बोलावले. बागेतल्या दगडी बांधावरून दोघांचे वर्षानुवर्षे वाजत होते. सकाळभर मी पाय रोवून उभी होते. दुपारी विंका विहिरीवर हात धुवायला गेली आणि जेर्कोने मला उचलून बाजूला ठेवले. का? तर मी सावलीत होते आणि त्याला तिथे बसून हॅम कापायचे होते!

विंका परतली आणि जागीच थबकली. "हिला कोणी हलवलं?"

"मी जरा सरकवली," जेर्को म्हणाला. "तिपाईच तर आहे!"

"जेर्कोकाका, आता सगळी मांडणी पहिल्यापासून करावी लागणार!"

"मग कर की. तेल थोडं जास्त घेऊन जा."

"आणि काम तरी काय असतं गं?" स्तिपान हसला. "दुर्बिणीतून बघायचं नि रेघ मारायची!"

दोघा भावांचे जन्मात पहिल्यांदा एकमत झाले, आणि तेही यावर!

विंकाने पुन्हा मांडणी केली, बांध मोजला, नकाशावर शिक्का मारला. घरी येऊन आईला म्हणाली, "मी चालले ऑस्ट्रियाला."

तिकडे सगळे साहित्य कंपनीचे, म्हणून मी मागे राहिले. आईने माझ्या डोक्यावर अंजिरांनी भरलेले सूप वाळत ठेवले आहे. दिवसभर माश्या घोंघावतात. इतकी वर्षे राबल्याचा हा मान!

विंका आता तिथल्या मोजणीच्या तुकडीची प्रमुख आहे. परवा जेर्को घरी आला. भावांचे नव्या पायवाटेवरून पुन्हा बिनसले होते. बेटावर मोजणीदार उरला नाही. स्प्लिटहून येणाऱ्याने बोटीचे भाडे, जेवण आणि भरभक्कम फी सांगितली होती, सगळे आगाऊ.

"विंका येते का गं परत?" त्याने विचारले.

"येते की," आई अंजीर उलटत म्हणाली. "नाताळात. सुट्टीला."

मित्रांनो, तुमच्या गावातही बांध मोजून देणारे कोणी असेल, तर त्याची किंमत बोट सुटण्याआधी करा.