मंगळवारची चौकट

उषाबाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं होतं आणि अख्खी वडीगोद्री त्याच्यावर चालते, असं त्यांचे मालक रामप्रसाद म्हणायचे. हे अर्थात खोटं होतं. निम्मीच चालायची. उरलेली निम्मी हायवेवरच्या हॉटेलांत चहा पीत बसलेली असायची.

अंगणवाडीत तीस वर्षं काढून उषाबाई रिटायर झाल्या, पण गावानं त्यांना रिटायर होऊ दिलं नाही. कुणाचा दाखला अडलेला, कुणाचा निराधारचा पगार बंद पडलेला, शाळेत मुलींच्या संडासाला दार नाही, हायवेवर गतिरोधक नाही, स्मशानाकडची झाडं कुणी तोडून नेतंय. बाईंचा जीव सगळ्यांत. कुणी दारात आलं की ‘बघू’ म्हणण्याऐवजी त्या ‘कधी जायचं?’ असं विचारायच्या. कामांची ही रांग त्यांना सुखाची वाटायची, हेही सांगून टाकलेलं बरं. आपल्यावाचून गावाचं अडतं, ही गोड गोष्ट रिटायर झालेल्या माणसाला सहजासहजी सोडवत नाही.

पण डोकं एकच. ते भरून वाहायला लागलं तेव्हा बाईंनी नियम केला. कॅलेंडरशेजारी दोऱ्यानं पेन बांधलं. ज्याचं काम त्यानं स्वतःच्या हातानं तारखेच्या चौकटीत लिहायचं. चौकटीत आहे ते होणार, चौकटीत नाही त्याचं विचारू नका.

“एखादी चौकट मला पण द्या म्हणलं,” रामप्रसाद म्हणायचे. “नवऱ्यासोबत जेवण, असं लिहून ठेवतो.”

“लिहा की. रिकामी दिसली तर लिहा,” बाई म्हणायच्या.

फेब्रुवारीत एका दुपारी मागच्या गल्लीतली नंदाबाई आली. ती मसाल्याच्या गिरणीवर कामाला होती. हळद-मिरची दळून दळून तिची बोटं कायम पिवळी, कितीही घासली तरी न निघणारी. बाई फोनवर होत्या. नंदाबाई उंबऱ्याशी बसून राहिली. फोन संपल्यावर खाली बघत हळूच म्हणाली, “बाई, माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. आता परत लागून राह्यलंय. दोन महिने झाले.”

“अगं मग दाखवायला नको का?”

“तुमी चलता का जालन्याला, सरकारी दवाखान्यात? मला तिथलं काई कळत न्हाई. अन् गड्यामाणसाला काय सांगू ह्यातलं?”

“चलते ना. न यायला काय झालं?”

“गिरणी मंगळवारी बंद राहती.”

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. गतिरोधकाच्या आंदोलनाचे पुढारी अण्णासाहेब होते. बाईंनी फोन कानाला लावता लावता भिंतीकडे बोट केलं. “कोणता मंगळवार ते कॅलेंडरवर टाक नंदा, निघू आपण.” आणि त्या अंगणात गेल्या, कारण घरात रेंज नीट नसायची. परत आल्या तेव्हा नंदाबाई गेलेली होती.

रात्री त्यांनी पानं चाळली. नंदाबाईचं नाव कुठं नव्हतं. लिहील उद्या-परवा, असं म्हणून त्या तांदूळ निवडायला बसल्या.

मार्च असाच धावपळीत सरला. नंदाबाई एकदा रस्त्यात भेटली. “बाई, मंगळवारचं ध्यानात हाय ना? म्या टाकलंय.” बाई घाईत होत्या. “हो हो, बघते,” म्हणाल्या. घरी येऊन बघितलं तर येत्या मंगळवारी तहसीलचं काम, शाळेची बैठक, कुणाच्या तरी आधार कार्डाचं आणि एक फोडणीचा डाग. नंदाबाई नव्हती. जाईल कुणासोबत तरी, त्यांना वाटलं. एप्रिलमध्ये हायवेवर एक शाळकरी पोरगी ट्रकखाली गेली आणि मग गतिरोधकाशिवाय बाईंना दुसरं काही दिसेनासं झालं. जूनमध्ये नंदाबाई पुन्हा येऊन गेली. तेव्हा बाई घरी नव्हत्या. रामप्रसादांनी सांगितलं, “नंदा आल्ती. कॅलेंडर बघून गेली. वाळलीय फार.”

“जाते मी तिच्याकडं,” बाई म्हणाल्या. खरंच जाणार होत्या.

ऑगस्टच्या शेवटी नंदाबाई गिरणीतच कोसळली. आधी जालना, मग संभाजीनगर. गर्भाशयाचा कॅन्सर सगळीकडं पसरला होता. बाई भेटायला गेल्या तेव्हा ती उशीवर इवलीशी दिसत होती. बाई रडायला लागल्या तर तीच म्हणाली, “असू द्या बाई. तुमाला किती कामं.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना सोसला असता.

नंदाबाई सप्टेंबरमध्ये गेली. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तिची लेक आकांक्षा बाईंच्या दारात आली. ती परतूरला दिलेली, बावीस वर्षांची. आत न येता म्हणाली, “एकच विचारायचं होतं बाई. मी आईला तीनदा न्यायला आल्ते. ती उठलीच न्हाई. म्हणायची, बाईसोबत जायचं ठरलंय, बाईच्या कॅलेंडरवर माझा अंगठा हाय. दुसऱ्यासोबत गेले तर बाईला वाईट वाटंल. तुमी का न्हाई नेलं तिला?”

आकांक्षा उंबऱ्यावरूनच परत फिरली.

अंगठा. नंदाबाईला लिहिता येत नाही हे बाईंना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. अंगणवाडीच्या पालकसभेत तिच्या अंगठ्याला शाई लावून, तो धरून रजिस्टरवर टेकवणाऱ्या त्याच होत्या. आणि त्याच नंदाबाईला त्यांनी भिंतीवरचं पेन दाखवलं होतं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. कॅलेंडर खाली उतरवलं, खिडकीपाशी नेऊन मार्च उघडला. तो फोडणीचा डाग. चष्मा लावून बघितला तर त्यात बारीक बारीक रेषा होत्या, गोल फिरलेल्या. हळदीचा अंगठा. एप्रिलमध्ये एक. जूनमध्ये एक. ऑगस्टमध्ये एक. सगळे मंगळवार.

नंदाबाईला अक्षर येत नव्हतं, पण रिकामी चौकट कळत होती. दुसऱ्या कुणाच्या कामात आपली अडचण नको, म्हणून ती दरवेळी रिकामा मंगळवार हुडकून तिथं अंगठा टेकवून गेली होती. नंतर लोकांनी त्या डागाच्या आजूबाजूला आपापली कामं लिहिली. जूनच्या अंगठ्यावर तर आरपार निळ्या शाईत ‘झाडांची रोपं आणणे’ असं लिहिलेलं होतं. ते अक्षर बाईंचं स्वतःचं होतं.

बाई खाली फरशीवर बसल्या. रामप्रसाद पाणी घेऊन आले आणि शेजारी बसले. बाई म्हणाल्या, “सगळ्यांचं केलं मी. एकीचं करायचं होतं.”

शेवटचा अंगठा ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी होता. तो मंगळवार अजून यायचा होता.

आदल्या दिवशी अण्णासाहेब आले. गतिरोधकासाठी उद्या रास्ता रोको, बायकांना घेऊन बाईंनी पुढं बसायचं असं ठरलं होतं. “उद्या मला जमणार नाही,” बाई म्हणाल्या. तीस-पस्तीस वर्षांत अण्णासाहेबांनी त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. “अहो, पण तारीख तुमीच दिलती. कॅलेंडरवर लिवून गेल्तो मी.”

“त्या चौकटीत तुमच्या आधीचं नाव आहे.”

मंगळवारी सकाळच्या एसटीनं त्या जालन्याला गेल्या. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत दीड तास उभ्या राहिल्या. खिडकीतल्या पोरीनं वर न बघता नाव विचारलं.

“नंदाबाई.”

“वय?”

“बावन्न.”

“पेशंट कुठंय?”

बाईंनी मागं वळून बघितलं. मागं उभ्या असलेल्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. “सरका की मावशी,” कुणीतरी म्हणालं. बाई खिडकीपासून बाजूला झाल्या आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्या तिथंच बसून होत्या, शेजारी एका माणसाची जागा सोडून. कुणी बसायला आलं की म्हणायच्या, “इथं बाई आहेत.”