अकरा-दहावर अडलेले घड्याळ

मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे, मित्रांनो. चर्चमध्ये व्यासपीठाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर माझी जागा. मंडळीची पाठ माझ्याकडे असते. मला फक्त व्यासपीठावरून उपदेश करणारे पाळकसाहेब पाहतात. उपदेश आटोपता व्हावा म्हणून त्यांच्या पत्नीने, आमच्या पाळकीणबाईंनीच मला तिथे लावून घेतले.

पूर्वी माझे फार कौतुक होई. रविवारी सकाळी मला किल्ली कोणी द्यायची, यावरून घंटावाले काका आणि खजिनदार यांच्यात बारा वर्षे चुरस होती. जो आधी येई, तो किल्ली देई. त्यामुळे दोघेही सर्वांच्या आधी हजर असत. लोक त्याला भक्ती म्हणत.

मग एका रविवारी नम्रतेवर उपदेश झाला. तो दोघांच्याही मनाला लागला. पुढच्या रविवारी काकांनी मोठ्या मनाने हा मान खजिनदारांना सोडला आणि खजिनदारांनी काकांना. नम्र माणूस सांगत सुटत नाही, म्हणून दोघेही गप्प राहिले. अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा लंबक थांबला.

त्या दिवशी विषय होता वेळेचा सदुपयोग. पाळकसाहेब माझ्याकडे पाहत, अकरा-दहाच झालेले दिसत, आणि ते पुन्हा रंगात येत. शेवटच्या बाकावर सुतारमामा चुळबुळत होते. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी आशा सोडलेली. उपासना संपताच पाळकसाहेब तिच्यासाठी प्रार्थनेला यायचे होते. उपदेशातून उठायचे कसे, म्हणून मामांनी दम धरला. साडेबाराला मात्र ते उभे राहिले.

"पाळकसाहेब, घड्याळ बंद पडलंय. आणि तिकडे आई तुमची वाट बघतेय."

पाळकसाहेब उरलेले कागद तिथेच टाकून निघाले. दुरुस्तीसाठी मामांनी मलाही उतरवून काखेत मारले.

"काखेत घड्याळ अन् वेळेचा पत्ता नाही!" पाळकीणबाई मागून म्हणाल्या.

घरी मामांची आई, सगळ्यांची आजी, जागी होती. श्वास बारीक झाला होता, जीभ मात्र शाबूत.

"माफ करा आजी, तुम्हाला ताटकळत ठेवलं," पाळकसाहेब म्हणाले.

"अहो, प्रभूनं माझी सत्त्याऐंशी वर्षं वाट बघितली. मी तुमची तासभर बघितली, तर काय बिघडलं? फक्त आता थोडक्यात आटपा. मला फार वेळ नाही."

"प्रभू, ही तुझीच आहे. हिचा हात धर. आमेन," पाळकसाहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून याहून चांगले काही मी ऐकले नव्हते.

आजीने आमेन म्हणून त्यांचाच हात धरला आणि सोडला नाही. ते दुपारभर तिथेच बसून राहिले. दिवस कलताना आजी शांतपणे गेली. किती वाजले, ते कोणीच पाहिले नाही.

मित्रांनो, मला तेल हवे, पुसणे हवे, दुरुस्ती तर हवीच. पण कोणी तुमची वाट बघत असेल, तर आधी तिकडे जाऊन या. माझी धूळ नंतर सावकाश पुसा. मला घाई नाही.